१९४५ ची हुंडी

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजच्या विषयात तीन शब्द छापले आहेत: युद्ध, भरभराट, मंदी. पाठ्यपुस्तकात त्याचे तीन धडे होतात आणि प्रत्येक धड्याखाली पाच प्रश्न येतात. मला आज तसं सांगायचं नाही. मी एका कागदाचा माग काढणार आहे. पहिल्या महायुद्धात लढलेल्या अमेरिकन सैनिकांना त्यांच्या सरकारनं १९२४ च्या कायद्यान्वये एक प्रमाणपत्र दिलं. आपल्या पेढीवरच्या भाषेत सांगायचं तर मुदतीची हुंडी. सरासरी रक्कम हजार डॉलरच्या आसपास आणि वटण्याचं साल १९४५. मधल्या काळात सैनिक मेला, तर पैसे वारसाला ताबडतोब मिळणार. त्यामुळे लोक तिला ‘थडग्याचा बोनस’ म्हणायला लागले. या हुंडीपायी चार राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकार वापरला आणि १९३२ च्या जुलैत वॉशिंग्टनच्या रस्त्यावर रणगाडे उतरले.

सुरुवात १९१६ पासून करू. ‘यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवलं’ ही राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या प्रचाराची घोषणा. नोव्हेंबरात ते थोडक्या फरकानं निवडून आले आणि ६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिका युद्धात उतरली. जर्मनीनं फेब्रुवारीपासून पाणबुड्यांना मोकळं रान दिलं होतं, त्यात मेक्सिकोला फितवायची जर्मन तार उघडकीला आली, ही कारणं तुम्ही वाचलेली आहेत. मला लक्ष वेधायचंय ते मतदानाकडे. सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६, प्रतिनिधीगृहात ३७३ विरुद्ध ५०. विरोधातल्या त्या पन्नास जणांत जेनेट रँकिन होत्या, अमेरिकन काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, निवडून आलेल्या पहिल्या महिला. म्हणजे देश एकदिलानं उठला होता हे नंतर रंगवलेलं चित्र आहे.

ते रंगवायला सरकारनं रीतसर खातं काढलं. जॉर्ज क्रील नावाच्या पत्रकाराच्या हाती प्रचार समिती दिली. सिनेमागृहात रीळ बदलायला जो वेळ लागायचा, तेवढ्यात उठून चार मिनिटांचं देशभक्तीपर भाषण ठोकणारे सुमारे ७५ हजार स्वयंसेवक तिनं उभे केले. जर्मन भाषा शाळांतून हद्दपार झाली. आंबवलेल्या जर्मन कोबीचं नाव बदलून ‘स्वातंत्र्य कोबी’ ठेवलं, हे ऐकून तुम्ही हसता आहात. पण एप्रिल १९१८ मध्ये इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिल गावी रॉबर्ट प्रागर या जर्मन वंशाच्या खाणकामगाराला जमावानं झाडाला टांगून मारलं आणि ज्यूरीनं आरोपींना निर्दोष सोडलं.

युद्धविरोधी बोलणं गुन्हा ठरलं. समाजवादी नेते युजीन डेब्ज यांनी जून १९१८ मध्ये ओहायोतल्या कँटन गावी भाषण केलं. त्याचा मथितार्थ एवढाच, की युद्ध नेहमी मालक वर्ग पुकारतो आणि लढायला मजूर वर्ग जातो. शिक्षा दहा वर्षं. १९२० ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी अटलांटाच्या तुरुंगातून लढवली आणि नऊ लाखांहून जास्त मतं घेतली. डेब्ज यांच्या त्या वाक्यातला अर्थशास्त्राचा भाग सरकारनं ऐकून घेतला असता, तर मघाची हुंडी काढायची वेळ कदाचित आली नसती.

युद्धाला पैसा कुठून आला? दोन ठिकाणांहून. पहिलं, कर. प्राप्तिकराला वाट करून देणारी सोळावी घटनादुरुस्ती फेब्रुवारी १९१३ मधली. त्याच वर्षी जुलैत बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि ज्या एडविन सेलिग्मन यांच्या हाताखाली त्यांनी अर्थशास्त्राचं संशोधन केलं, ते चढत्या दराच्या प्राप्तिकराचे अमेरिकेतले खंदे पुरस्कर्ते होते. सार्वजनिक वित्त हा बाबासाहेबांचा विषय कुठल्या वातावरणात घडला, ते यावरून ध्यानात यावं. १९१६ मध्ये सर्वांत वरचा दर १५ टक्के होता, १९१८ मध्ये तो ७७ टक्क्यांवर गेला. अर्थात ७७ टक्के भरणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

दुसरं ठिकाण म्हणजे कर्ज. ‘लिबर्टी बाँड’ नावाचे कर्जरोखे काढले आणि २१ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम उभी केली. नट-नट्या रोखे विकत फिरल्या, शाळकरी मुलांनी बचतीची तिकिटं जमवली. रोखा न घेणाऱ्याच्या घराला रात्री पिवळा रंग फासण्याचे प्रकार झाले. तरी ज्यानं रोखा घेतला त्याला व्याज मिळालं आणि मुदत भरल्यावर मुद्दलही मिळालं. कारखानदारांबरोबर सरकारनं जे करार केले, त्यात कित्येकदा झालेला खर्च अधिक ठरलेला नफा असं कलम असायचं. टक्केवारीवरचा करार असला, की खर्च जितका फुगेल तितका नफाही फुगायचा. हिशेब कसे झाले असतील, हे नगरपालिकेच्या कंत्राटांचा अनुभव असलेल्या गावाला मी वेगळं सांगत नाही.

आणि सैनिक? सुमारे ४७ लाख लोक सैन्यात गेले, त्यातले २८ लाख सक्तीच्या भरतीचे. वीस लाखांच्या आसपास फ्रान्सला पोचले. १ लाख १६ हजार मेले. त्यातले निम्म्याहून अधिक रोगानं, मुख्यतः इन्फ्लुएन्झानं मेले, जर्मन गोळीनं नव्हे. साध्या शिपायाचा पगार महिना तीस डॉलर, म्हणजे रोज एक. त्यातूनही घरी पाठवायची रक्कम आणि विम्याचा हप्ता कापून घेतला जाई. तेवढ्याच काळात गोदीत आणि दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणारा त्याचा शेजारी कितीतरी पट कमवत होता. युद्ध संपलं तेव्हा शिपायाला साठ डॉलर आणि घरचं तिकीट मिळालं. गावी आला, तर नोकरीवर दुसरा माणूस आणि महागाई जवळपास दुप्पट.

बोनसच्या मागणीचं मूळ इथं आहे. सैनिकांच्या संघटना ‘बोनस’ हा शब्द टाळायच्या. त्यांचं म्हणणं, आम्ही बक्षीस मागत नाही, मजुरीतला फरक मागतो. कायद्यातही शब्द आला तो ‘भरपाई’.

१९१९ या सालाबद्दल मी थोडक्यात बोलतो, खरं तर त्याला वेगळं व्याख्यान हवं. चाळीस लाख कामगार संपावर गेले. सिअ‍ॅटल शहर बंद पडलं, बॉस्टनमध्ये तर पोलिसांनीच संप केला. बॉम्बस्फोट झाले आणि ॲटर्नी जनरल पामर यांनी परदेशी वंशाच्या हजारो लोकांना धाडी घालून पकडलं. सिनेटनं व्हर्साय तह नाकारला. विल्सन पक्षाघातानं अंथरुणाला खिळले आणि देशाला महिनोन् महिने त्याचा पत्ता लागू दिला नाही. शिकागोत जुलैअखेर दंगल उसळली, ३८ माणसं मेली. त्या उन्हाळ्यात अशा वांशिक दंगली डझनावारी झाल्या आणि अनेक ठिकाणी काळ्या माजी सैनिकांवर विशेष राग होता. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतली, काळ्या सैनिकांची ३६९ वी पलटण फ्रेंच सैन्याच्या हुकमतीखाली १९१ दिवस आघाडीवर होती. फ्रान्सनं तिला शौर्यपदक दिलं. मायदेशी दक्षिणेकडच्या राज्यांत मात्र गणवेश घालून फिरणाऱ्या काळ्या शिपायाला जीव मुठीत धरावा लागायचा.

इथं एका हिंदुस्थानी शिपायाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण हुंडीच्या गोष्टीशी तिचा धागा जुळतो. भगतसिंग थिंद, पंजाबातून १९१३ मध्ये अमेरिकेत गेलेला तरुण. १९१८ मध्ये अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला, पगडी राखून गणवेश घातला, डिसेंबरात सन्मानानं मुक्त झाला. नागरिकत्व मागितलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी १९२३ मध्ये निकाल आला, की सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हिंदू ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. (‘हिंदू’ म्हणजे त्या काळच्या अमेरिकेत कुठलाही हिंदुस्थानी, अगदी शीखसुद्धा.) थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव ऐकून काहींच्या माना वर झाल्या, अपेक्षितच होतं! निकालानंतर सरकार आधी नागरिकत्व दिलेल्या हिंदुस्थानींच्या मागे लागलं, त्यात पंडितांवरही खटला भरला. त्यांनी युक्तिवाद केला, की तुमच्या न्यायालयानं दिलेल्या नागरिकत्वावर विसंबून मी वकिली केली, संसार उभा केला, आता मागे कसं फिरता? ते जिंकले. बाकीच्या अनेकांचं नागरिकत्व गेलं. थिंद यांना अखेर नागरिकत्व मिळालं ते १९३६ मध्ये. महायुद्धात लढलेल्या आशियाई सैनिकांसाठी १९३५ मध्ये खास कायदा झाला, त्याच्या आधारे. १९३६ हे साल लक्षात ठेवा.

आता भरभराट. वॉरन हार्डिंग १९२० मध्ये ६० टक्के मतं घेऊन आले. लोक युद्धाला, संपाला, विल्सन यांच्या आदर्शवादाला कंटाळले होते. हार्डिंग यांनी माजी सैनिकांसाठीच्या खात्यावर चार्ल्स फोर्ब्स या मित्राला नेमलं. फोर्ब्सनं इस्पितळांच्या बांधकामात पैसे खाल्ले. सैनिकांच्या इस्पितळांसाठीच्या चादरी, टॉवेल, औषधं टाकाऊ म्हणून मातीमोल भावानं विकली आणि शेवटी तुरुंगात गेला. तेलाच्या जमिनीचा घोटाळा अधिक गाजला, कारण त्यात मंत्रीच गजाआड झाले. मला मात्र चादरी चोरणारा जास्त सलतो.

अर्थमंत्री अँड्र्यू मेलन, स्वतः देशातल्या अतिश्रीमंतांपैकी एक. त्यांचं धोरण सरळ होतं. वरच्या उत्पन्नावरचा कर उतरवा, खर्च छाटा, युद्धाचं कर्ज फेडा. ७७ टक्क्यांचा दर २५ टक्क्यांवर आला. सरकारी कर्ज २५ अब्जांवरून दशकाअखेर सोळा अब्जांच्या आसपास आणलं. हिशेबनीस म्हणून हे काम उत्तमच होतं. इंग्लंडला युद्धकर्ज फेडायला ६२ वर्षांची मुदत दिली, इटलीला तर मोठी सूट दिली. रोखेधारक, करदाते, परदेशी सरकारं, सगळ्यांचा विचार झाला आणि बोनसचं नाव निघालं, की तिजोरीत खडखडाट!

हार्डिंग यांनी १९२२ मध्ये बोनसवर नकाराधिकार वापरला. त्यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या कॅल्व्हिन कूलिज यांनी मे १९२४ मध्ये वापरला आणि वर सुनावलं, की विकत घेतलेली, मोल मोजलेली देशभक्ती ही देशभक्तीच नव्हे. अगदी बाणेदार वाक्य. फक्त ते त्यांनी कंत्राटदारांना कधी ऐकवलं नाही. निवडणुकीचं वर्ष होतं, काँग्रेसनं दोनतृतीयांश मतांनी नकार मोडून काढला आणि कायदा केला. मायदेशातल्या सेवेला रोज एक डॉलर, परदेशातल्या सेवेला सव्वा डॉलर, पहिले साठ दिवस वजा. पन्नास डॉलरपर्यंत देणं असेल तर रोख, त्यावर असेल तर हुंडी. मतंही मिळाली आणि कूलिज-मेलन यांचा ताळेबंदही बिघडला नाही. फेडायची पाळी आली असती, तेव्हा यांतलं कोणीच पदावर नसणार होतं. पस्तीस लाखांच्या पुढे लोकांनी त्या हुंड्या पेटीत ठेवल्या. १९२५ मध्ये कोणाला घाई होती? काम मिळत होतं.

तो सुकाळ खोटा नव्हता, हे मला ठासून सांगायचंय, कारण आपल्याकडे १९२९ ची गोष्ट सांगताना आधीचं दशक नुसता फुगा म्हणून उडवून लावतात. १९०८ मध्ये ८५० डॉलरला मिळणारी फोर्डची मॉडेल टी दशकाच्या मध्याला तीनशेच्या आत आली. १९२० मध्ये ऐंशी लाख मोटारी होत्या, १९२९ मध्ये दोन कोटी तीस लाख. विजेचे दिवे, इस्त्री, रेडिओ, शीतकपाट. कामगाराच्या घरात या वस्तू आल्या, हप्त्यावर का होईना, पण आल्या. गिरणगावात चाळीतल्या खोलीत त्याच वेळी काय होतं, ते आठवून पाहा.

पण खेड्यात तो सुकाळ पोचला नाही. युद्धकाळात युरोपला धान्य हवं म्हणून गव्हाला बुशेलमागे (बुशेल म्हणजे सुमारे २७ किलो) दोन डॉलरच्या वर भाव होता. शेतकऱ्यानं कर्ज काढून जमीन घेतली, ट्रॅक्टर घेतला. १९२१ पर्यंत भाव निम्म्यावर. कर्ज मात्र जुन्याच भावाचं. ग्रामीण बँका बुडत गेल्या. १९२१ ते १९२९ या, ज्याला भरभराट म्हणायचं, त्या काळात पाच हजारांहून जास्त बँका बंद पडल्या. शेतमालाला आधार देणारं विधेयक काँग्रेसनं दोनदा मंजूर केलं, कूलिज यांनी दोनदा फेटाळलं. विदर्भ-मराठवाड्यातल्या श्रोत्यांना हे चित्र फार ओळखीचं वाटेल. शिवाय याच वर्षांत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचे हजारो लोक पांढरे झगे घालून राजधानीत मिरवणुकीनं फिरले आणि १९२४ च्या कायद्यानं दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या लोकांना दार जवळजवळ बंद, आशियाईंना पूर्ण बंद झालं.

मग शेअरबाजार. ३ सप्टेंबर १९२९ रोजी डाऊ जोन्सचा निर्देशांक ३८१. ऑक्टोबरअखेर कोसळला. ८ जुलै १९३२ रोजी ४१. हे दोन आकडे पुरेत. बाजार पडल्यानं मंदी आली असं आपण पटकन म्हणतो. माझ्या मते बाजारापेक्षा बँका महत्त्वाच्या. १९३० च्या शेवटापासून बँका लाटेनं बुडू लागल्या, ठेवींना कसलंही संरक्षण नव्हतं आणि मध्यवर्ती बँकेनं पुरेसा पैसा पुरवला नाही. माणसं पैसा गादीखाली ठेवायला लागली. भाव पडले आणि भाव पडले की जुनं कर्ज आपोआप जड होतं. गहू १९३२ मध्ये चाळीस सेंटच्या खाली. १९३३ पर्यंत दर चार कामगारांत एक बेकार.

राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांना निष्ठुर म्हणायची रीत आहे. मला ती मान्य नाही. लहानपणी अनाथ झालेला, खाणीचा अभियंता म्हणून वर आलेला हा माणूस. महायुद्धात उपाशी बेल्जियमला अन्न पुरवून त्यांनी लाखो जीव वाचवले. पण केंद्र सरकारनं थेट बेकाराच्या हातात पैसे ठेवले, की त्याचा कणा मोडतो, हा त्यांचा ठाम समज होता. बँकांना आणि रेल्वे कंपन्यांना कर्ज दिलं की कणा मोडत नाही, हाही! जून १९३१ मध्ये त्यांनी युरोपीय सरकारांची देणी वर्षभर स्थगित केली. जानेवारी १९३२ मध्ये बँकांना सावरायला सरकारी वित्त महामंडळ काढलं. दोन्ही निर्णय, माझ्या मते, बरोबरच होते. त्याच हूवर यांनी फेब्रुवारी १९३१ मध्ये सैनिकांना हुंडीच्या निम्म्या रकमेपर्यंत, आणि तेही व्याजानं, कर्ज द्यायच्या विधेयकावर नकाराधिकार वापरला. काँग्रेसनं तो मोडला. लाखो सैनिकांनी कर्ज काढलं. ते संपलं. आता उरलेलं १९४५ साली.

टेक्ससचे राइट पॅटमन, स्वतः माजी सैनिक, यांनी विधेयक आणलं: सगळी हुंडी आत्ताच वटवा, सुमारे २४० कोटी डॉलर, नोटा छापून द्या. ओरेगॉनमधला वॉल्टर वॉटर्स हा बेकार झालेला माजी सार्जंट. मे १९३२ मध्ये पोर्टलंडहून तो तीनेकशे माणसं घेऊन मालगाड्यांतून राजधानीकडे निघाला. वाटेत रेल्वेनं अडवलं, माणसं रुळावर बसली, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या आणि देशभरातून जथे निघाले. जूनच्या मध्याला वॉशिंग्टनमध्ये वीस हजारांच्या आसपास माणसं होती, काही बायकापोरांसह. फ्रान्सला गेलेल्या फौजेच्या नावावरून त्यांनी आपल्याला ‘बोनस मोहीम फौज’ म्हणवून घेतलं.

ॲनाकॉस्टिया नदीच्या पलीकडे चिखलाच्या मैदानात त्यांचा तळ पडला. पत्रे, खोकी, जुन्या मोटारींच्या टपांची घरं. पण रस्ते आखलेले, संडासाचे चर खणलेले, सकाळी झेंडावंदन. दारू नाही, भीक नाही, क्रांतीच्या गप्पा नाहीत, असे नियम. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेतर्फे तरुण पत्रकार रॉय विल्किन्स तिथं गेले, तर काळे-गोरे एका रांगेत जेवताना, शेजारी झोपताना दिसले. ज्या सैन्यात हे दोघे वेगवेगळ्या पलटणींत ठेवलेले होते, त्या सैन्यातून आलेली ही माणसं! शहराचे पोलीसप्रमुख पेलम ग्लासफर्ड हे निवृत्त ब्रिगेडियर जनरल, फ्रान्समध्ये लढलेले. निळ्या मोटारसायकलवरून तळावर यायचे, नावानं हाका मारायचे, स्वतःच्या खिशातून धान्य आणायचे. होप हिऱ्याच्या मालकीण एव्हलिन मॅक्लीन यांनीही हजार सँडविच आणि कॉफी पाठवली होती.

१५ जूनला प्रतिनिधीगृहानं विधेयक मंजूर केलं. १७ जूनला सिनेटनं ६२ विरुद्ध १८ मतांनी फेटाळलं. हजारो माणसं कॅपिटॉल या संसदभवनाच्या आवारात निकालाची वाट पाहत उभी होती. वॉटर्सनं निकाल सांगितला. दंगल होईल असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी देशभक्तीचं गाणं म्हटलं आणि तळावर परत गेली.

त्याच जूनमध्ये, माणसं चिखलात बसलेली असताना, सरकारी वित्त महामंडळानं शिकागोतल्या एका बँकेला नऊ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. बँक चार्ल्स डॉझ यांची. डॉझ म्हणजे कूलिज यांचे उपराष्ट्राध्यक्ष आणि नुकतेच याच महामंडळाचं अध्यक्षपद सोडून शिकागोला परतलेले. बँक बुडाली असती तर शिकागोतल्या इतर बँका बुडाल्या असत्या, हा बचाव खोटा नाही. मी तेव्हा निर्णय घ्यायला असतो तर कदाचित मीही सही केली असती. पण ॲनाकॉस्टियाच्या मैदानात वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला ते कसं दिसलं असेल?

काँग्रेसचं अधिवेशन १६ जुलैला संपलं. परत जायचं रेल्वेभाडं देऊ केलं, तेही बोनसमधून कापून घेण्याच्या अटीवर! काही हजार गेले. बाकीच्यांना जायला घरच नव्हतं. २८ जुलैला पेन्सिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवरच्या अर्धवट पाडलेल्या सरकारी इमारतींतून सैनिकांना हुसकावताना विटा उडाल्या, पोलिसांच्या गोळीनं विल्यम हुश्का जागेवर ठार झाला आणि एरिक कार्लसन काही दिवसांनी मेला. दोघंही महायुद्धात लढलेले. हूवर यांनी लष्कर बोलावलं. सेनाप्रमुख डग्लस मॅकार्थर पदकांसकट पूर्ण गणवेशात स्वतः रस्त्यावर उतरले. सोबत सहायक मेजर आयझेनहॉवर. घोडदळात मेजर जॉर्ज पॅटन. तलवारी उपसलेले घोडेस्वार, संगिनी लावलेलं पायदळ, रणगाडे, अश्रुधूर. कचेऱ्या सुटायची वेळ होती, फुटपाथवर कारकून उभे होते. पहिल्यांदा काहींना वाटलं, संचलनच आहे. मग घोडे त्यांच्याच अंगावर आले.

नदी ओलांडू नका, असा हूवर यांचा निरोप होता. मॅकार्थर यांनी ओलांडली. निरोप त्यांना पोचला की नाही यावर इतिहासकार अजून भांडतात. पुढे कोरियाच्या युद्धात त्यांनी राष्ट्राध्यक्षांना जुमानलं नाही, हे माहीत असल्यामुळे माझा कल एकीकडे आहे. रात्री तळ पेटला. आकाशातला तो उजेड व्हाइट हाउसमधून दिसत होता. मॅकार्थर यांनी पत्रकारांना सांगितलं, की जमाव क्रांतीच्या बेतात होता. हूवर म्हणाले, यातले अनेक सैनिकच नव्हते, कम्युनिस्ट आणि गुन्हेगार होते. कम्युनिस्ट होते, पण काहीशे. आणि सरकारच्या माजी सैनिक खात्याच्याच नोंदींनुसार मोर्चेकऱ्यांतले ९४ टक्के सैन्यात किंवा नौदलात होते आणि दोनतृतीयांश परदेशात जाऊन आलेले. दुसऱ्या दिवशी जो अँजेलो नावाचा माणूस पॅटनना भेटायला आला. १९१८ मध्ये जखमी पॅटनना गोळीबारातून ओढून खड्ड्यात आणणारा हाच. पॅटननी त्याला ओळख दिली नाही, घालवून द्यायला सांगितलं. हुश्काला मात्र लष्करी इतमामानं आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत पुरलं. हुंडीतल्या अटीप्रमाणे त्याची मुदत तेवढी लवकर भरली.

या घटनेनं हूवर हरले, असं म्हणतात. मला पटत नाही. ४८ पैकी ४२ राज्यं हातची गेली, ती शेतमालाच्या भावानं आणि बुडालेल्या बँकांनी आधीच नेली होती.

आणि फ्रँकलिन रूझवेल्ट आले म्हणून हुंडी वटली का? नाही. इथं आपल्या पुरोगामी मित्रांची थोडी पंचाईत होते. मार्च १९३३ मध्ये त्यांनी पहिल्या काही दिवसांतच काटकसरीचा कायदा करून माजी सैनिकांचे भत्ते छाटले. मे महिन्यात दुसरा मोर्चा आला, तेव्हा त्यांनी तंबू, जेवण, डॉक्टर पुरवले आणि एलेनॉर रूझवेल्ट एका दुपारी चिखल तुडवत तळावर गेल्या, सैनिकांबरोबर गाणी म्हटली. हूवरनी फौज पाठवली, रूझवेल्टनी बायको पाठवली, असं लोक म्हणायला लागले. पण बोनस नाही. जंगलं लावण्याच्या, रस्त्यांच्या कामावर रोज एक डॉलरची मजुरी. काहीजणांना फ्लोरिडाच्या बेटांवर महामार्गाच्या कामाला पाठवलं. २ सप्टेंबर १९३५ रोजी तिथं भयानक चक्रीवादळ आलं. माणसांना काढायला निघालेली गाडी उशिरा निघाली आणि लाटेनं रुळावरून उलथली. अडीचशेहून जास्त माजी सैनिक बुडाले.

रूझवेल्ट यांचा मुद्दा मात्र ऐकण्यासारखा होता. मे १९३५ मध्ये ते स्वतः काँग्रेससमोर जाऊन नकाराधिकाराचा संदेश वाचून आले. असं करणारे ते पहिले राष्ट्राध्यक्ष. त्यांचं म्हणणं, गणवेश घातला म्हणून धडधाकट माणसाला इतर बेकारांपेक्षा वेगळी वागणूक का? सगळ्या बेकारांचं, सगळ्या म्हाताऱ्यांचं बघू. न्यायाच्या दृष्टीनं हा मुद्दा तगडा आहे. मी यावर पुष्कळ विचार केला आणि तरी सैनिकांच्या बाजूला राहिलो, कारण १९२४ चा कायदा मदतीचा नव्हता. सरकारनं देणं कबूल केलं होतं, आकडा लिहून दिला होता, फक्त तारीख आपल्या सोयीची घातली होती.

जानेवारी १९३६ मध्ये, पुन्हा निवडणुकीच्या वर्षी, काँग्रेसनं रूझवेल्ट यांचाही नकार मोडला. जूनमध्ये पोस्टमननी पन्नास-पन्नास डॉलरचे रोखे वाटले आणि बहुतेकांनी ते लगेच मोडले. जवळजवळ दोन अब्ज डॉलर काही महिन्यांत बाजारात आले. कुणी उधारी फेडली, कुणी मोटार घेतली, कुणी दात बसवून घेतले. अर्थव्यवस्थेनं त्या वर्षी चांगली उचल खाल्ली. थिंद नागरिक झाले तेही याच वर्षी.

पुढचं महायुद्ध आलं तेव्हा या सगळ्याची धास्ती दोन्ही पक्षांना होती. दीड कोटीहून अधिक माणसं गणवेशात, ती एकदम परतली तर? जून १९४४ मध्ये, नॉर्मंडीचं आक्रमण होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा रूझवेल्ट यांनी माजी सैनिकांच्या कायद्यावर सही केली. कॉलेजची फी, घरासाठी सरकारी हमीचं कर्ज, बेकारी आली तर वर्षभर आठवड्याला वीस डॉलर. यात हुंडी नव्हती. बावीस लाख सैनिक या कायद्यावर कॉलेजात गेले.

कायद्याच्या मजकुरात काळे-गोरे असा शब्द कुठंच नाही. तो घालायची गरज पडली नाही. प्रतिनिधीगृहातल्या संबंधित समितीचे अध्यक्ष मिसिसिपीचे जॉन रँकिन होते आणि अंमलबजावणी स्थानिक बँकांकडे, स्थानिक कचेऱ्यांकडे, स्थानिक महाविद्यालयांकडे राहील याची त्यांनी काळजी घेतली. १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या शहरांची पाहणी झाली. त्या कायद्याखाली दिलेली कर्जं ३,२०० हून अधिक होती. त्यातली काळ्या सैनिकांना मिळालेली दोन.